घड्याळ सात मिनिटं मागे

रविवारी तळघरात मी आणि मोहसीन
पलंगावर एक धड निजवतो.
ॲक्रिलिकचं. पोटात पाणी,
पाण्यात काचेचे सहा गोळे,
दहा मिलिमीटरपासून सदतीसपर्यंत.
ह्याच्या पोटात काय आहे
ते आम्हाला आधीच ठाऊक.
म्हणून तर यंत्राला विचारायचं,
सांग, तुला काय दिसतं?

दहाचा गोळा त्याला नेहमी फिका दिसतो.
बारीक वस्तूचा उजेड शेजारी सांडतो,
मोहसीन म्हणतो, आणि वहीत लिहितो.

हेच धड मुलुंडला नेलं तर जरा लखलखीत,
बोरिवलीला जरा मवाळ.
खोटं कुणीच बोलत नाही,
पण फाइल पिशवीत घालून फिरणाऱ्याला वाटतं
आपला आजार बोलतोय.
ती भांडणं मिटवायला आम्हाला दीड वर्ष लागलं.
आता तिन्ही यंत्रं एका मापावर.
निदान मला तसं वाटत होतं.

वसईचे इग्नेशियस तुस्कानो.
एप्रिलात आमच्याकडे चार पूर्णांक चार,
ऑगस्टात मुलुंडला पाच पूर्णांक एक.
औषध बदलायचं ठरत आलेलं.
मुलगी ब्रेंडा दारातच म्हणाली,
वाढलंय ना? सांगा सरळ.

मी सरळ मुलुंड गाठलं. कागद मागितले.
वजन एकाहत्तर. कुणी केलं?
जुन्या फाइलीत होतं ना मॅडम.
माणूस चौसष्टवर आलेला,
त्याचे सात किलो
कागदावर अजून जेवत होते.

मग औषध मोजायच्या खोलीतलं घड्याळ.
कुणाच्या तरी निरोपसमारंभाचं, काचेवर पुसट नाव.
सात मिनिटं मागे.

सात मिनिटांनी काय होतं?
हे औषध एकशे दहा मिनिटांत निम्मं होतं.
चेंबूरहून गाडी निघते,
सायनच्या सिग्नलला उभी राहते,
ड्रायव्हर चहाच्या टपरीकडे बघतो,
आणि मागे शिशाच्या भांड्यात
ते झिजत असतं, कुणाला न सांगता.
किती झिजलं ते आपण घड्याळाला विचारतो.
त्याला आपण कधीच काही विचारलेलं नसतं.

माझे वडील वजनमाप खात्यात होते.
मस्जिद बंदरच्या दुकानांत जाऊन
वजनं पालथी घालायचे.
तळाशी भोक, भोकात शिसं, शिशावर शिक्का.
मापात पाप, असं लोक म्हणायचे
आणि त्यांच्याकडे बघायचे, आता पकडतील कुणाला तरी.
ते घरी येऊन हात धुताना म्हणत,
पापी फार थोडे असतात गं,
झिजलेली वजनंच जास्त.
दुकानदारालाही कळलेलं नसतं.

मी पुन्हा हिशोब मांडला.
खरं वजन घातलं, खरी वेळ घातली.
चार पूर्णांक चार.
दोनदा केला, मोहसीनकडून तिसऱ्यांदा.

ब्रेंडानं विचारलं, म्हणजे बरं होतंय?
नाही. म्हणजे तेवढंच आहे.
ती गप्प.
मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल.
तेवढंच, हा शब्द घेऊन ती खिडकीपाशी गेली,
बराच वेळ परळच्या पुलाकडे बघत राहिली.
तुस्कानो मात्र हसले.
म्हणाले, सात किलोंचा काहीतरी फायदा झाला तर.

औषध बदललं नाही.
पुढचा स्कॅन नोव्हेंबरात, आमच्याकडे,
सकाळी, उपाशीपोटी,
आणि आधी काट्यावर उभं करून.

त्या दिवशी मुलुंडहून निघताना
मी स्टूल मागवलं, वर चढले,
घड्याळाचा काटा पुढे सारला.
मागून सिस्टर गावित ओरडल्या,
अहो मॅडम, हात नका लावू,
त्याच्यावर आमची ड्यूटी सुटते!